भिंतीकडचं तिसरं बाक

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या वरच्या मजल्यावरून बाकं ओढल्याचा कर्रकर्र आवाज सुरू झाला की समोरचा बेकरीवाला सारण भरलेल्या खुसखुशीत बुरेकची परात भट्टीतून बाहेर काढायचा. त्याला घड्याळ लागायचंच नाही. "आली डोब्रिला," म्हणायचा, "आता आठपर्यंत चालू द्या तिचं दळण."

डोब्रिलाबाईंच्या हातांना स्वस्थता म्हणून ठाऊक नव्हती. घरातही तेच. कपाट आज या भिंतीला, तर उद्या त्या. नवरा तिहोमिर डॅन्यूबवरच्या मालवाहू बोटींवर जन्म काढून निवृत्त झालेला. तो म्हणायचा, "नदी परवडली बाबा, ती निदान आपल्या जागेवर असते. आमच्याकडे सकाळी ज्या खुर्चीवरून उठलो तिच्यावर संध्याकाळी बसायला जावं, तर कुंडीवर बसतो माणूस." बाई हसायच्या, आणि हसता हसता खुर्ची आणखी वीतभर सरकवायच्या. जित्याची खोड, दुसरं काय!

पण वर्गातली ओढाताण हा नुसता चाळा नव्हता. बाईंच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती: मूल ढ नसतं, त्याची जागा चुकलेली असते. हे काही त्या पुस्तकात वाचून बोलत नव्हत्या. लहानपणी त्यांच्या खेड्यातल्या शाळेत त्यांना शेगडीच्या धुराड्यामागे शेवटच्या बाकावर बसवलं होतं. फळा निम्माच दिसायचा. दोन वर्षांनी मास्तरांनी आईला बोलावून सांगितलं, "हिच्या डोक्यात भुसा आहे, बदकं राखू दे." आईनेही ते खरं मानलं. मग मास्तर आजारी पडले आणि तीन आठवड्यांसाठी एक बदली बाई आली. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "काय गं, त्या धुराड्यामागे लपाछपी खेळतेस का? ये पुढे." तीन आठवड्यांत पोरगी वाचायला लागली. त्या बदली बाईचं नावसुद्धा पुढे कुणाला आठवलं नाही, पण डोब्रिलाबाईंचा अख्खा जन्म तिच्या त्या एका 'ये पुढे'वर उभा राहिला.

छत्तीस वर्षं त्यांनी तेच केलं. डावखुऱ्या पोराला बाकाच्या डाव्या टोकाला बसवायचं, म्हणजे कोपराला कोपर लागून मारामारी होत नाही. ज्याच्या बुडाला स्प्रिंग आहे त्याला कडेला बसवून दर अर्ध्या तासाला फळा पुसायचं काम द्यायचं. ज्या पोरीचं लक्ष बाहेरच्या पॉप्लरच्या झाडावरच्या कावळ्यांत, तिची पाठ झाडाकडे करायची. भिंतीवरचे जुने तक्ते तर त्या दर महिन्याला उतरवायच्या. "भिंत बोलकी हवी, बडबडी नको," म्हणायच्या. आमच्या गावात आज जे नाव काढलेले लोक आहेत, म्हणजे दाताची डॉक्टर, बंदरावरचा अधिकारी आणि तो हेकट वकीलसुद्धा, ते सगळे कधी ना कधी बाईंनी कॉलर धरून एका बाकावरून दुसऱ्यावर हलवलेले आहेत.

आता यात एक मोठी गोची होती. आमच्या शाळेत मुलं जास्त आणि खोल्या कमी, म्हणून दोन पाळ्या चालतात. या आठवड्यात एका वर्गाची सकाळ, दुसऱ्याची दुपार. पुढच्या आठवड्यात उलट. खोली मात्र तीच. आणि बाईंच्या खोलीत दुसऱ्या पाळीला वेलीझार सर होते. तोफखान्यातून थेट मास्तरकीत आलेला माणूस! त्यांना बाकं ओळीत लागायची, दोरीने आखल्यासारखी. बाईंनी सकाळी घोड्याच्या नालासारखी अर्धगोल मांडलेली बाकं सर दुपारी सरळ करायचे, जमिनीवर खडूच्या रेघा मारायचे आणि टेबलाच्या खणात चिठ्ठी ठेवून जायचे: 'आदरणीय सहकारी, वर्ग म्हणजे खानावळ नव्हे.' दुसऱ्या दिवशी खणात बाईंचं उत्तर: 'आदरणीय सहकारी, वर्ग म्हणजे दफनभूमीही नव्हे.' आठ वर्षं हा पत्रव्यवहार चालला होता. समोरासमोर आले की मात्र दोघं अदबीने कॉफीची विचारपूस करायचे.

त्या वर्षी एक सप्टेंबरला पहिलीत नेवेना आली. सात वर्षांची, वाटाण्यासारखे टपोरे डोळे, आणि जाड सोनेरी केसांच्या दोन वेण्या. बाईंनी तिला भिंतीकडच्या ओळीत तिसऱ्या बाकावर बसवलं. पोर म्हणजे नुसती चिमणी! पहिल्या पंधरा दिवसांत तिने सतरा अक्षरं गिरवली, गाणं म्हणून दाखवलं आणि बाईंना विचारलंसुद्धा, "बाई, तुम्ही रात्री शाळेतच झोपता का?"

मग सप्टेंबर सरता सरता तिची आई व्हिएन्नाला गेली, तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला. आमच्याकडच्या निम्म्या आया तिथेच आहेत. नेवेना राहिली आजीजवळ, पेर्सिदाजवळ. पोर दोन दिवस भिंतीला डोकं टेकवून बसली. बाईंच्याने ते बघवेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला उचलून खिडकीशी बसवलं, जिथे दहा वाजता छान ऊन येतं. "उन्हात बस, बाळा. जरा बरं वाटेल," म्हणाल्या. जागा बदलली की सगळं बदलतं, हा त्यांचा विश्वास होताच.

आणि ऑक्टोबरात कोशावा सुटला.

कोशावा म्हणजे आमचा आग्नेयेकडचा वारा. नदीच्या घळीतून येतो, एकदा सुरू झाला की तीन दिवस, नाहीतर सात, नाहीतर एकवीस. पत्रे वाजतात, कुत्री भुंकतात, नवराबायको विनाकारण भांडतात. सगळ्या गावाच्या अंगात काहीतरी शिरल्यासारखं होतं. पण कोशाव्यापेक्षाही माणसं घाबरतात ती प्रोमायाला. एका फटीतून आत येऊन दुसऱ्या फटीतून बाहेर जाणाऱ्या वाऱ्याच्या झोताला इथे प्रोमाया म्हणतात. इथल्या आज्यांच्या हिशेबी सगळ्या आजारांचं मूळ तोच. मान अवघडली, प्रोमाया. दाढ दुखली, प्रोमाया. शेजारच्या झिवान काकांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं, तेही गाडीची काच उघडी ठेवून गेले म्हणून.

डोब्रिलाबाई स्वतः घरी गळ्याला मफलर गुंडाळल्याशिवाय खिडकी उघडत नसत, बरं का! पण वर्गात शिरल्या की त्यांच्यातली शिकलेली बाई जागी व्हायची. ताज्या हवेशिवाय डोकं चालत नाही, असं म्हणून वरच्या झडपा सताड उघड्या.

एके दिवशी पेर्सिदाआजी डोक्याला काळा रुमाल बांधून वर्गाच्या दारात उभी राहिली.

"बाई, पोरीला वाऱ्यात बसवलंय तुम्ही."

"उन्हात बसवलंय, पेर्सिदाआजी."

"ऊन खिडकीतून येतं ना? मग वारा काय दारावरची घंटी वाजवून येतो? तिची आई लांब आहे. पोरीला काही झालं तर मी तिला काय तोंड दाखवू?"

बाईंचं डोकं आधीच वाऱ्याने उठलेलं. त्या म्हणाल्या, "आजी, वाऱ्याने कुणी मेलं नाही अजून. अडाणीपणाने मेलेत. मला माझं काम शिकवू नका."

चोवीस पोरं टकामका बघत होती. म्हातारीने रुमालाची गाठ आवळली. "बरं. तुम्ही तुमचं करा, मी माझं करते," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

त्यानंतर पोरीला काय झालं कोण जाणे. हाक मारली तर बघायची नाही. प्रश्न विचारला तर शेजारच्याच्या तोंडाकडे बघत बसायची आणि सगळे हसले की तीही हसायची. श्रुतलेखनात बाईंनी 'आजोबा' सांगितलं तर हिने जहाज काढलं. गाणं बंद, प्रश्न बंद. बाईंनी तिला खिडकीतून काढून पुढच्या बाकावर, दाराजवळ आणलं. उपयोग नाही. बाकांचा अर्धगोल केला आणि तिला बरोबर मधोमध ठेवलं. तरी पालथ्या घड्यावर पाणी! एका हुशार पोरीशेजारी बसवलं, मग एका मवाळ पोराशेजारी, मग एकटीला. भिंतीवरचे तक्ते सगळे उतरवले, न जाणो त्यांनी गोंधळत असेल. खाली गालिचा अंथरून वाचनाचा कोपरा केला. बाई मोठ्याने बोलायला लागल्या, मग आणखी मोठ्याने, मग इतक्या मोठ्याने की बेकरीवाल्याला पहिलीची कविता पाठ झाली.

"डॉक्टरांनी कान तपासलेत का हिचे?" बाईंनी एकदा आजीला विचारलं. आजीने लगेच कागद आणून दाखवला. शहरातल्या डॉक्टरांनी तपासलं होतं, कान ठणठणीत. "घरी तर पोपटासारखी बोलते," आजी म्हणाली. "तुमच्याच वर्गात तिची वाचा बसते. आता कुणाच्या अडाणीपणाने, ते तुम्हीच बघा."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खोटं काय होतं त्यात?

नोव्हेंबरात शाळेच्या समुपदेशक ल्युबिंकाबाईंनी कागद तयार केला. ल्युबिंका तिशीतली, नीटनेटकी, वर्गात वर्षातून दोनदा येणारी. उंटावरून शेळ्या हाकणारी म्हणा ना. "आई गेल्यापासून मूल मागे मागे जातंय," ती म्हणाली. "मुलांची तपासणी करणाऱ्या समितीला बोलवावं लागेल. शहरात खास शाळा आहे, वसतिगृह आहे. तिथे तिला जमेल असं शिकवतील."

"वसतिगृह? सात वर्षांच्या पोरीला?" बाई ओरडल्याच. "आई आधीच गेलीय, आता आजीही काढून घ्यायची? आणि तिथे गेलेलं पोर परत आलेलं पाहिलंयस तू? मी छत्तीस वर्षांत एक नाही पाहिलं."

"मग तुम्हीच सांगा, काय करायचं?"

"मला जागा सापडू दे तिची."

ल्युबिंका बिचारी वाईट नव्हती. तिने हळूच विचारलं, "डोब्रिलाबाई, आणखी किती जागा आहेत हो त्या खोलीत?"

समिती येणार होती संत निकोलाच्या सणाआधीच्या गुरुवारी. सणाला घरोघरी पाहुणे, सगळं गाव मासे तळण्याच्या तयारीत, आणि डोब्रिलाबाई जेवणाच्या टेबलावर काड्यापेटीतल्या काड्यांची बाकं मांडून बसलेल्या. तिहोमिर म्हणाला, "अगं, सिगारेट पेटवायला एक तरी काडी ठेव."

"ही इथे बसली तर फळा दिसतो. इथे बसली तर मी दिसते. मग पोर वर बघत का नाही, तिहोमिर?"

"तिला विचार की."

"विचारलं. ती नुसती हसते."

खरंच, ती नुसती हसायची. आणि ते हसू बघून बाईंना धुराड्यामागची ती पोर आठवायची, जी दोन वर्षं अशीच हसत बसली होती. त्यांना भीती वाटायला लागली होती. पोरीसाठी तर वाटतच होती, पण त्याखाली दुसरीही एक भीती होती: आपण जन्मभर जे खरं मानलं ते खोटं निघालं तर? काही मुलं खरोखरच ढ असली तर?

गुरुवारी सकाळी कोशावा पाचव्या दिवसात होता. बाई सव्वासहालाच शाळेत पोचल्या. त्यांनी बाकांचा नाल केला आणि नेवेनाचं बाक अगदी आपल्या टेबलाला चिकटवलं, हात लांब केला तर वेणी हाताला लागेल इतकं. याहून जवळची जागा त्या खोलीत नव्हती. ती जागा दार आणि खिडकी यांच्या थेट रेषेत येत होती, पण बाईंच्या डोक्यात त्या दिवशी वारा नव्हताच.

समितीत तिघंजण होती. प्रमुख डॉक्टरीणबाई, चष्मा दोरीला अडकवलेली. एक गप्प माणूस. आणि कागद लिहिणारी एक मुलगी. तिघंही मागे खुर्च्यांवर बसली. बाईंनी गणित घेतलं, मग वाचन. बाकीची पोरं अंगात आल्यासारखी हात वर करत होती. बाईंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "नेवेना, पान बावीस. वाच, बाळा."

नेवेना त्यांच्याकडे बघून गोड हसली.

"नेवेना! पान बावीस!"

पोरीने शेजारच्याच्या पुस्तकात डोकावून पान काढलं. चुकीचं पान. मागे पेन कागदावर सरसरलं. डॉक्टरीणबाई पुढे आल्या, तिच्यासमोर वाकल्या आणि मऊ आवाजात चार-पाच प्रश्न विचारले. तुझ्या आईचं नाव काय, आज वार कोणता, असे. पोरगी त्यांच्या चष्म्याच्या दोरीकडे बघत राहिली. तास संपला. समिती शेजारच्या वाचनालयात कागद भरायला गेली. जाताना डॉक्टरीणबाईंनी डोब्रिलाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात बाईंना अजिबात आवडला नाही.

पोरं दप्तरं भरायला लागली. दुपारच्या पाळीची वेळ झाली होती, आणि दारात वेलीझार सर आधीच हातात खडू घेऊन उभे. नाल बघून त्यांचं कपाळ आठ्यांनी भरलं.

"डोब्रिलाबाई, समिती असो नाहीतर आणखी कुणी असो, पंधरा मिनिटांत माझी पोरं येतायत. पुन्हा खानावळ?"

एरवी बाईंनी ताडकन उत्तर दिलं असतं. आज त्या नुसत्या म्हणाल्या, "ओढा. तुम्हाला हवी तशी लावा. माझं झालं."

सर चपापले. आठ वर्षांत हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी कोपऱ्यातलं जड बाक धरलं आणि एका दमात ओढलं. लोखंडी पाय फरशीवर असे किंचाळले की अंगावर काटा यावा. तेवीस पोरांनी एकदम खांदे वर केले, कानांवर हात ठेवले, "ईईई सर!" म्हणून ओरडली. बाईंनीही डोळे मिटले.

उघडले तेव्हा समोर नेवेना. ती शांतपणे कंपासपेटीत पेन्सिली भरत होती. तिची पापणीसुद्धा लवली नव्हती.

बाईंनी एकवार तिच्याकडे, एकवार त्या बाकाकडे पाहिलं.

"सर," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "परत ओढा."

"काय?"

"ते बाक. परत ओढा म्हणते ना! जोरात!"

सरांनी ओढलं. पोरं परत ओरडली. नेवेनाने पेटीचं झाकण लावलं.

बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. त्या दोन जाड वेण्या. आजी रोज सकाळी त्या कानांवरून घट्ट गुंडाळून पिना लावायची. ऑक्टोबरपासून लावायची. त्याआधी वेण्या मोकळ्या असायच्या, पाठीवर. हे बाईंनी रोज पाहिलं होतं. 'छान दिसतात गं' असं म्हटलंही होतं. त्यांनी एक पिन काढली, वेणी उचलली. कानात मेणात आणि तेलात भिजवलेला कापसाचा बोळा होता, चांगला बोराएवढा, दाबून बसवलेला. दुसऱ्या कानातही तसाच. बाईंनी ते दोन्ही काढून तळहातावर घेतले.

नेवेनाचे डोळे एकदम पाण्याने भरले. "नको ना बाई! तोंड वाकडं होईल माझं! झिवान काकांसारखं!"

"कधीपासून घालतेस हे?"

"खिडकीत असताना आजी येऊन गेली ना, तेव्हापासून. घरी नाही, आणि डॉक्टरांकडे जातानाही काढलं होतं." पोर हुंदके देत होती. "आजी रोज विचारते, आज बाईंनी कुठे बसवलं. मी सांगते. खिडकीत बसवलं की छोटा बोळा. दाराजवळ बसवलं की मोठा. काल मी सांगितलं की आता बाई रोजच जागा बदलतात, तर आज तिने मेण जास्त घातलं. आणि म्हणाली, बाईंना सांगू नकोस, त्या काढून टाकतील, त्यांना वाऱ्यातलं काही कळत नाही." तिने नाक पुसलं. "भिंतीकडे होते तेव्हा नव्हतं, बाई. तिथे वारा नव्हता."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तशी गत. बाई उठल्या. दोन महिने त्या जागा शोधत होत्या, आणि दोन महिने त्यांच्या प्रत्येक नव्या जागेने पोरीच्या कानातला बोळा थोडा थोडा मोठा केला होता. पोरीला वसतिगृहाच्या दारापर्यंत नेलं ते आजीने एकटीने नव्हे. दोघींनी मिळून. एकीने कापसाने, एकीने बाकांनी, आणि दोघींनी मायेने.

वेलीझार सर दाराकडे बघत म्हणाले, "अहो, ते सह्या करतायत तिकडे. जा ना! मी बघतो पोरांना."

बाई धावल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी, टाचेच्या बुटांवर! वाचनालयाचं दार उघडून त्यांनी ते दोन तेलकट बोळे थेट समितीच्या कागदावर ठेवले. लिहिणारी मुलगी 'अगं बाई!' म्हणून मागे सरकली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावला, बोळ्यांकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"प्रोमाया?" त्यांनी विचारलं. शेवटी त्याही इथल्याच होत्या.

"प्रोमाया," बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "तिला आत्ता बोलवा. आत्ता विचारा, काय विचारायचं ते."

नेवेनाला बोलावलं. तिने आईचं नाव सांगितलं, वार सांगितला, आणि न विचारता हेही सांगितलं की आज आजी बीन्स शिजवणार आहे. पान बावीस तिने बोट ठेवून, अडखळत, पण वाचलं. जी अक्षरं सप्टेंबरात शिकली होती ती सगळी ओळखली, पुढची नाही. ती तिला कुणी ऐकवलीच नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी जुना कागद फाडला आणि नवा घेतला. "कान एकदा धुवून पुन्हा तपासून घ्या, आणि मूल इथेच राहील. पण कारण लिहावं लागेल. आजीचं नाव घालू का?"

"आजीचं नका घालू," बाई म्हणाल्या. "आजी मला सांगायला आली होती. मी तिला सगळ्या वर्गासमोर अडाणी म्हटलं. लिहा, शिक्षिकेने जागा चुकवली. दोन महिने बाकांनाच विचारत बसले मी. तिला विचारलं तेही ओरडून, आणि उत्तर आलं नाही तर परत बाकांकडे वळले."

त्या संध्याकाळी त्या पेर्सिदाआजीकडे गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते गावाला नीट कळलं नाही. एवढंच कळलं की सुरुवातीला दोघींचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता, मग आला नाही, आणि निघताना बाईंच्या हातात घरच्या आयवारची बरणी होती. आमच्याकडे ज्याला माफ करायचं नाही त्याला कुणी लाल मिरच्यांचा आयवार देत नाही.

पुढच्या आठवड्यात बाईंची दुपारची पाळी होती. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा सकाळची आली, आणि त्या दिवशी बेकरीवाल्याचा बुरेक करपला. सात दहा झाले, सव्वासात झाले, वरून आवाजच नाही. तो शिव्या देत बाहेर येऊन वर बघायला लागला. वर खिडकीत डोब्रिलाबाई उभ्या होत्या. त्या चिंध्यांच्या पट्ट्या करून खिडकीच्या फटींत कोंबत होत्या. बाकं वेलीझार सरांनी लावून ठेवली होती तशीच, ओळीत. फक्त खणात बाईंची चिठ्ठी होती: 'आदरणीय सहकारी, या महिन्यात राहू दे असंच. महिन्यानंतरचं वचन देत नाही.'

पावणेआठला पेर्सिदाआजी नेवेनाला घेऊन वर आली. तिने कुणाला न विचारता भिंतीकडच्या तिसऱ्या बाकाशी जाऊन काडी पेटवली आणि ज्योतीकडे बघत उभी राहिली. ज्योत सरळ होती. तिने काडी विझवली, पोरीच्या वेण्या मागे टाकल्या आणि बाईंकडे न बघता म्हणाली, "बसू दे इथे."

"बसेल," बाई म्हणाल्या.

बाहेर वारा पत्रे वाजवत होता. बाईंचे हात शिवशिवत होते. दुसऱ्या ओळीतलं एक बाक जरा तिरकं करायला हवं होतं, तिथल्या पोराला फळ्यावरची चमक नडत होती. त्यांनी हात पाठीमागे बांधले. पोरं बसली, वह्या निघाल्या. बाईंनी पुस्तक उघडलं आणि सवयीने, छाती भरून, खालच्या रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात हाक मारली:

"ने-वे-ना! वाच! पान! अठ्ठावीस!"

नेवेनाने दचकून दोन्ही हातांनी कान झाकले.

"ओरडता काय बाई," ती म्हणाली, "मला ऐकू येतंय ना."

सगळा वर्ग खिदळला. डोब्रिलाबाईंनी तोंडावर हात ठेवला, आणि मग त्या खुर्चीवर बसल्या. शिकवताना बाई बसल्यात हे त्या खोलीत कुणी पाहिलं नव्हतं. त्यांना रडू येत होतं आणि त्या ते लपवत नव्हत्या. नेवेनाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, काही बिघडलं नाही ना याची खात्री केली, आणि पान अठ्ठावीस वाचायला सुरुवात केली.